तिचं ओके
सुनेनं आज खरवस केला आन वेलदोड्याचा वास नाकात शिरला, तशी आमच्या किकवीच्या गोठ्यातली ती दुपार डोळ्यापुढं आली. घरातली एकुलती म्हस अडली होती. रेडकाचा एक पाय आत मुडपला होता आन डाक्टर भोरातनं निघालाच नव्हता. शेजारी म्हनाला, "वैनी, नाद सोडा, म्हस काय वाचत न्हाई." आमच्या बायकोला इंग्रजीतला एकच शब्द येत होता, त्यो तिला सगळ्याला पुरायचा. ती त्याला म्हनाली, "ओके," म्हंजे गप बस. कोपरापातूर गोडंतेल चोपडून तिनं हात आत घातला, पाय चाचपून सरळ केला आन मला म्हनाली, "ओके," म्हंजे वढा. म्या वढलं. रेडकू भुईवर पडलं, पन हलंना. तिनं बोटानं चिकटा काढून त्याच्या नाकात गवताची काडी घातली, तसं ते शिंकलं, आन म्हस मान वळवून त्याला चाटाया लागली. मग कमरेवर हात ठिऊन ती शेजाऱ्याला म्हनाली, "ओके?" बायको जाऊन आता वरीस झालं. त्याच रेडकाची म्हस झाली, तिच्याच चिकाचा ह्यो खरवस. वाटी पुसून खाल्ली, गोठ्यात गेलो, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आन म्हनलो, "ओके."