बँडेजची दांडी

मॅच असली की नर्सबाई सकाळीच शिट्टी उकळायला ठेवायच्या. दवाखान्यातल्या स्टोव्हवर, सुया ज्या भांड्यात उकळत त्याच भांड्यात. शिट्टी शाळेची, म्हणजे आमच्या हेडमास्तरांच्या तोंडातली. आणि हेडमास्तर तंबाखू खायचे. उकळून उकळून शिट्टीतली बुचाची गोळी फुगली होती. त्यामुळे फाऊल झाला की मैदानावर बदक ओरडल्यासारखं वाटायचं.

मी तेव्हा पुणतांब्याला प्राथमिक शाळेत शिकवत होतो. शाळेला कुठूनसा एक फुटबॉल मिळाला होता, पण नियम कुणालाच ठाऊक नव्हते. नगरहून नुकत्याच बदलून आलेल्या नर्सबाई एकदा पोरांची झोंबाझोंबी बघत उभ्या राहिल्या. त्यांना पाच भाऊ, पाचही फुटबॉलवाले. बाईंना कुणी खेळायला घेत नसे, भांडण सोडवायला मात्र हटकून बोलावत. "खेळले कधीच नाही, गुरुजी. निकाल मात्र पुष्कळ दिलेत," असं म्हणून त्यांनी पांढऱ्या पातळाचा पदर कमरेला खोचला.

पहिल्या दिवशी काय ती शिस्त! बाई जवळ आल्या की पोरं दंड झाकून पळत. फाऊलबद्दल एकाला बोलावलं, तर त्यानं बाही वर सरकवली, मान फिरवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"ही सुईला भितात," बाई मला म्हणाल्या. "असला मान मला नको."

तेव्हापासून निकाल दिला की त्या पोरासमोर उकिडव्या बसून तो का दिला ते सांगू लागल्या. पोरगं रडत असलं तर म्हणायच्या, "आधी रडून घे. मी थांबते." मग दोन्ही बाजूंची पोरं, मी आणि मैदानात चरणारी एखादी शेळी, सगळे त्याचं रडं आटपायची वाट बघत उभे राहायचो.

एकदा तोंडावर येणारा चेंडू एका चिमुरड्यानं दोन्ही हातांनी अडवला. "हॅन्ड! हॅन्ड!" सगळे ओरडले. बाई म्हणाल्या, "त्यानं तोंड वाचवलंय, गोल नाही." झालं! पुढच्या आठवड्यात गुडघ्याएवढ्या उंचीवरून जाणारा चेंडू पोरं हातानं अडवू लागली आणि लगोलग तोंड झाकून घेऊ लागली. तेव्हा मात्र बदक ओरडलं.

बहात्तरच्या दुष्काळाचं साल. आबा म्हणून गावातले एक मोठे बागायतदार होते. त्यांचं रान पेरणीवाचून पडून होतं, तेच आमचं मैदान. गोल म्हणजे दोन बांबू. वर दांडी नव्हती. गोलकीचा हात पोचेल तितका गोल उंच, असा रिवाज. राहात्याची पोरं खेळायला आली, तेव्हा बाईंनी दोन्ही गोलकी शेजारी उभे केले. त्यांचा ताडमाड, आमचा टीचभर.

"म्हणजे त्यांचा गोल मोठा आणि आपला लहान. हे चालायचं नाही." बाईंनी पिशवीतून बँडेजच्या गुंडाळ्या काढल्या आणि दोन्हीकडच्या बांबूंना सारख्या उंचीवर ताणून बांधल्या.

शेवटच्या मिनिटाला एक-एक अशी बरोबरी असताना आबांच्या नातवानं, बाळूनं, चेंडू मारला. तो बँडेजला लागला, बँडेज मागं ताणलं गेलं आणि चेंडू पलीकडं पडला. गाव नाचायला लागलं. बाईंनी शिट्टी वाजवली.

"गोल नाही."

मैदानाच्या कडेला बाजेवर बसलेले आबा उठून आत आले. "आवो बाई, समद्या गावानं बगितलं!"

"दांडी लाकडाची असती तर चेंडू परत आला असता, आबा."

"पर लाकडाची न्हाई ना! फडकं हाय ते!"

"फडकं मी बांधलं. त्याचा तोटा राहात्याच्या पोरांनी का सोसायचा?"

बाळूनं भोकाड पसरलं. बाई त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. आबा मात्र थांबले नाहीत. "उद्यापास्नं माज्या रानात कुनी पाय ठिवायचा न्हाई!"

दुसऱ्या दिवशी रानाला बाभळीच्या काट्या लागल्या. पोरं शाळेच्या भिंतीला चेंडू मारत बसू लागली. हेडमास्तरांनी मला दवाखान्यात पिटाळलं. मी बाईंना चाचरत म्हणालो, "मॅच तर होऊन गेली. गोल होता म्हणालात तर काय बिघडतं?"

कापसाचे बोळे करता करता त्या म्हणाल्या, "आणि राहात्याच्या त्या गोलकीला काय सांगू?"

मी चहा न घेताच परतलो.

पंधरा दिवसांनी आबांच्या पाठीला करट झालं. डॉक्टरांनी सात दिवस रोज एक इंजेक्शन लिहून दिलं. आबा टेबलावर पालथे पडले. "बाई, राग सुईत काडू नका."

"सुई सगळ्यांना सारखीच, आबा."

रोज इंजेक्शन आणि रोज तोच वाद. सहाव्या दिवशी आबांनी विचारलं, "बॉल दांडीच्या खालच्या अंगाला लागला आसंल तर? लाकडाला थडकून बी आत जातोच की!"

सुई हातात धरून बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "जातो. मला मधोमध लागलेला दिसला. पण चुकलेही असेन."

आबांनी पालथ्या पालथ्याच मान वळवली. "मंग बदला निकाल."

"निकाल बदलत नाही. चुकले असेन, हे मात्र बाळूला सांगेन."

आणि त्या संध्याकाळी आबांच्या ओसरीवर जाऊन बाईंनी तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी काट्या निघाल्या. शिवाय आबांनी दोन सरळ वासे धाडले, दांडीसाठी. "बाई चुकले म्हनल्या," असं ते पुढं वर्षभर गावाला सांगत होते. 'असेन' तेवढा गाळत.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंची बदली जामखेडकडं झाली. निरोपाला मी निघालो, पण सायकल पंक्चर झाली आणि स्टँडवर पोचेपर्यंत एसटी सुटली होती. रस्त्यावर धुरळा अजून खाली बसला नव्हता आणि त्या धुरळ्यात आमची पोरं दोन तट करून कडाकडा भांडत होती. बाईंनी खिडकीतून पहिला हात कुणाला केला, यावर. बाळू म्हणत होता मला, दुसरा म्हणत होता मला. एकजण भांडता भांडता रडत होता.

मला बघून सगळी धावत आली.

"गुर्जी, तुमी सांगा!"

मी सायकल भिंतीला टेकवली आणि त्या रडणाऱ्या पोरासमोर खाली बसलो. "आधी रडून घे," मी म्हणालो. "मी थांबतो."