आराम घरी

अंगठेबहाद्दर हे नाव त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून पडलेलं नव्हतं. पेपर तर तो अगदी शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रकाचं नाव येईपर्यंत वाचायचा. नाव पडलं ते उजव्या पायाच्या अंगठ्यामुळं. बसच्या केबिनमध्ये चढला, की उजवी चप्पल काढून सीटखाली सरकवायची आणि अनवाणी पाय अॅक्सिलरेटरवर ठेवायचा, हा त्याचा शिरस्ता. "गाडी पाय चालवत नाही, अंगठा चालवतो," असं तो ऐटीत सांगायचा. नुसती ऐटही नव्हती ती. एकतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली. मागं झोपलेल्या उतारूची मान कधी हिसक्यानं हलली नाही, आणि सगळ्या डेपोत सगळ्यांत कमी डिझेल त्याचीच गाडी पिणार, हे ठरलेलं.

लांबच्या फेरीला आळीपाळीनं गाडी चालवणारा त्याचा जोडीदार म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. याचा मेहुणा म्हणून सगळे त्याला मेहुणाच म्हणायला लागले, आणि बिचारा अख्ख्या डेपोचा मेहुणा होऊन बसला. तोही हसतमुख. कुणीही थट्टा करावी, आणि सगळ्यांत मोठ्यानं यानंच हसावं. फक्त उजवा गुडघा हसत नव्हता. तासन् तास पाय एकाच कोनात धरून तो आखडायचा. गाडीतून उतरताना मेहुणा दरवाजाची दांडी दोन्ही हातांनी धरायचा आणि तोंडानं म्हणायचा, "महाराज येत आहेत, वाट द्या!"

एके वर्षी कंपनीनं एक नवी बस चाचणीला मागवली. तिच्या स्टिअरिंगवर एक बटण होतं. हवा तो वेग आला की बटण दाबायचं. मग पाय काढून घेतला तरी गाडी तोच वेग धरून चालत राहायची. साहेब त्याला क्रूझ कंट्रोल म्हणत, गॅरेजचा मिस्त्री क्रूर कंट्रोल.

"तुम्ही सगळ्यांत अनुभवी," साहेब अंगठेबहाद्दराला म्हणाले. "एक दिवस पायानं चालवा, एक दिवस बटणानं. रस्ता तुम्हीच निवडा. तुम्ही लिहाल त्यावर पुढच्या सगळ्या गाड्यांचं ठरेल." आणि त्यांनी हातात एक फॉर्म दिला. प्रश्न दोनच. इंधन वाचतं का? चालकाला आराम मिळतो का?

रस्ता तुम्हीच निवडा म्हटल्यावर त्यानं काय निवडावं? पहिला थोडा सपाट, आणि पुढं सगळा डोंगराचा. चढावर वेग थोडा पडू द्यायचा आणि उतारावर फुकटात परत मिळवायचा, ही अंगठ्याची विद्या. बटणाला ती कुठून येणार? त्याला वेग राखायचाच ठाऊक. चढ आला की ते इंजिनाच्या मानगुटीवर बसणार आणि डिझेल ढोसणार. हे त्याला आधीच माहीत होतं. म्हणून तर रस्ता तो.

दुसऱ्या दिवशी, बटणाच्या पाळीला, सपाटीवर मेहुणा गाडी चालवत होता. त्यानं बटण दाबलं, पाय उचलला आणि हळूच खाली फरशीवर टेकवला. मग म्हणाला, "दाजी, गुडघा गप्प बसला हो!"

"समोर बघ," दाजी म्हणाले.

दाजी स्वतः मात्र समोर बघत नव्हते. वेगाच्या काट्याशेजारच्या पडद्यावर लिटरमागं किती अंतर कापलं याचा आकडा दिसत होता. आदल्या दिवशी याच सपाटीवर अंगठ्यानं दाखवलेल्या आकड्यापेक्षा तो चांगला होता. थोडासाच, पण चांगला. त्यांनी नजर काढून घेतली. पुढं डोंगर लागला, चढ लागले, इंजिन घुमायला लागलं आणि संध्याकाळी टाकी भरली तेव्हा बटणाला चार लिटर डिझेल जास्त लागलेलं निघालं. अंगठा जिंकला.

डेपोत सगळे जमले होते. अंगठेबहाद्दरानं टेबलावर फॉर्म पसरला. पहिल्या प्रश्नासमोर लिहिलं, नाही. दुसऱ्यापाशी पेन थांबलं. मेहुणा शेजारीच उभा होता, एका पायावर भार टाकून. अंगठेबहाद्दरानं एकदा सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, आणि मोठ्यानं वाचत दोन शब्द लिहिले: "आराम घरी."

काय हशा पिकला! मिस्त्रीनं पाना डब्यावर आपटून ताल धरला. खुद्द साहेब हसले. आणि सगळ्यांत मोठ्यानं, नेहमीसारखा, मेहुणा हसला.

पुढच्या गाड्या बटणाशिवाय आल्या. ते दोन शब्द मात्र डेपोत राहिले. कुणी पाठ धरून उतरला, कुणी मान चोळली, की दुसरा ओरडायचा, "आराम घरी!" कुणीतरी ते केबिनच्या दारावर रंगानं लिहूनसुद्धा घेतलं. अंगठेबहाद्दर ते बघून सुखावायचा.

सहा वर्षांनी मेहुण्याचा गुडघा अडला तो अडलाच. डॉक्टरांनी बस चालवायची नाही म्हणून लिहून दिलं. सगळा दोष काही त्या फॉर्मचा नव्हता, गुडघे काय कुणाचेही जातात. पण ती बातमी आली त्या दिवशी बायको ताट वाढता वाढता थांबली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुम्हीच लिहिलं होतं ना? मिळाला बघा माझ्या भावाला आराम. घरी."

आजवर त्या वाक्यानं हमखास टाळी घेतली होती. घरात ते पहिल्यांदाच कुणी म्हटलं, आणि कुणी हसलं नाही.

निवृत्त झाल्यावर तो दर महिन्याला मेहुण्याला दवाखान्यात न्यायला लागला. गाडी मेहुण्याच्या मुलीची. तिच्याही स्टिअरिंगवर ते बटण. त्यानं त्याला कधी बोट लावलं नाही. एका सकाळी, सरळ मोकळ्या रस्त्यावर, त्याला राहवलं नाही.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "चाचणीच्या दिवशी सपाटीवर बटण जिंकलं होतं. मला पडद्यावर दिसलं. मी लिहिलं नाही."

"मलाही दिसलं होतं की."

"तुला?"

"दाजी, चालवत मी होतो ना? आकडा माझ्या नाकासमोर होता."

"मग बोलला का नाहीस, लेका?"

मेहुणा खिडकीबाहेर बघत राहिला. "सगळे हसत होते. आणि तुम्ही इतके खूश दिसत होता."

गाडी चालत राहिली. थोड्या वेळानं मेहुण्यानं हात लांब करून स्वतःच बटण दाबलं. "काढा पाय."

पाय पेडलवरून उठला, पण खाली जाईना. एकतीस वर्षांची सवय; तो तसाच हवेत अधांतरी.

"टेकवा हो खाली. कोण बघतंय इथं?"

त्यानं पाय टेकवला. गाडी तशीच, त्याच वेगानं, जराही हिसका न देता जात राहिली. आणि मग त्याच्या स्वतःच्या गुडघ्यात काहीतरी सैल झालं. इतकी वर्षं तिथं एक बारीक कुरकुर चालू होती, हे ती थांबल्यावर त्याला कळलं.

"चालकाला आराम मिळतो का?" मेहुण्यानं साहेबांचा आवाज काढून विचारलं.

त्यानं तोंड उघडलं. टाळीचं काही सुचलं नाही.

"मिळतो," तो म्हणाला.

पुढं चढ दिसायला लागला. मेहुण्यानं बटण बंद केलं. "आता तुमचा अंगठा. इथं तुमचंच खरं."

त्यानं पाय पुन्हा पेडलवर ठेवला. चप्पल काढायचं त्याला सुचलं नाही. शेजारी मेहुणा तळहातानं आपला गुडघा चोळत होता, सावकाश, सवयीनं.