पवळीसाठी मेहकरहून आणलेल्या दोऱ्या

विहिरीवरचा नाडा, मोट ओढायचा तो जाड दोर, पुन्हा गोठ्यात येऊ द्यायचा नाही, असं ठरवलं आणि मी मेहकरला निघाले. मागच्या वेताला आमची गाय पवळी अडली, तेव्हा शेजारच्या घरात राहणाऱ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, मोटेचा नाडा वासराच्या पायांना बांधला आणि मोटेचेच बैल हाकले. आमच्या बीबी गावात गाय अडली की असंच करतात. वासराचे पाय निखळले, ते मेलेलंच बाहेर आलं. पवळीला कितीतरी दिवस उठता येईना. लोक म्हणाले, नशीब. ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता तिचे दिवस पुन्हा भरत आले होते.

सोबतीला शेजारची हमीदाबी होती, तिची बहीण मेहकरला असते. दोन बायका पुरुषाशिवाय निघाल्या म्हणून पारावरच्या माना वळल्या. वळू देत. सुलतानपूरपर्यंत बैलगाडी, पुढे सर्विस मोटार. तुम्हाला जायचं असेल तर पावसाळा टाळा, काळ्या मातीत चाकं रुततात. भाकरी, ठेचा बांधून घ्या, कारण मोटारीची वेळ फक्त मोटारवाल्याला ठाऊक असते. मागच्या बाकावर बसू नका. आम्ही बसलो आणि मेहकरला उतरलो तेव्हा एकमेकींना ओळखू येईना, इतकी धूळ अंगावर होती.

बालाजीचं देऊळ दुरूनच पाहिलं, हात जोडले आणि थेट गुरांचा दवाखाना गाठला. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या पाटीखाली डॉक्टर उभे होते.

"घरचा गडी पाठवा, बाई. त्याले समजावून सांगतो," ते म्हणाले.

"गाय माही हाय. हातही माहेच लागणार हायेत. मलेच सांगा."

"हे बायकांचं काम नाई."

"गड्यांनी केलं तं वासरू मेलं. आता आमाले करून पाहू द्या."

ते आत निघून गेले. आम्ही ओसरीवर बसकण मारली आणि भाकरीचं गाठोडं सोडलं. हमीदाबीनं आत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "डाक्तरसाब, आमची मोटार उद्या हाय. तवरोक इथंच बसतो आमी."

डॉक्टर हसत बाहेर आले. एकदा सांगायला बसल्यावर मात्र त्यांनी हातचं राखून ठेवलं नाही. स्टूल आडवं करून त्याच्या पायांना त्यांनी वासराचे पाय मानलं. आपली गुळगुळीत साखळी दाखवली, पण ती इथल्या बाजारात मिळत नाही म्हणाले. सुती, बोटाएवढी जाड, घट्ट विणलेली दोरी चालेल, फक्त ती उकळून घेता आली पाहिजे. फास खुराच्या वरच्या सांध्याच्याही वर बसवायचा आणि दुसरा वेढा सांध्याखाली घ्यायचा, म्हणजे सगळा ताण एका जागी येत नाही. गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं, ती थांबली की आपणही थांबायचं. आधी एक पाय थोडा पुढे, मग दुसरा. डोकं बाहेर आलं की ओढ खाली, गाईच्या खुरांकडे. दोन माणसांच्या बळापेक्षा जास्त नाही. भिंतीवर एक लोखंडी आकडा होता, त्याबद्दलही मी विचारलं.

"त्याले हात लावू नका. तो मेलेल्या वासरासाठी, अन् तेही आमच्याच हाती. डोकं मागं वळलेलं असंन, नाईतं एकच पाय दिसला, तं ओढू नका. माणूस पाठवा, मी येतो."

बाजारात दुकानदारानं अंबाडीचा दोर पुढे केला. मी मनगटाला फास घातला आणि हमीदाबीला ओढायला सांगितलं. तिनं जीव लावून ओढलं. कातडी सोलवटली, तसा मी तो परत दिला. काथ्याचंही तेच. सुती दोरीनं वळ उठला, पण कातडी शाबूत राहिली. मी तशा दोन घेतल्या आणि सुताराकडून मुठीसाठी दोन लाकडी दांडके करून घेतले. मग भजी खाल्ली. मेहकरची भजी खाण्यासारखी आहेत, मिरची बेतानं घ्या.

परतल्यावर थोड्याच दिवसांत, भर दुपारी पवळी अडली. दोन खूर दिसत होते, पण वासरू सरकत नव्हतं. हात धुऊन, तीळतेल लावून मी आत चाचपलं. डोकं सरळ होतं. दोऱ्या उकळून ठेवल्या होत्याच, त्या दोन्ही पायांना बसवल्या. तेवढ्यात भासरे खांद्यावर नाडा टाकून, बैल घेऊन आले.

मी त्यांच्याशी कधी समोरासमोर बोलले नव्हते. काय असेल ते दाराआडून. त्या दिवशी गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिले.

"नाडा आत येणार नाई."

ते माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे पाहत म्हणाले, "काऊन बे, बायकोचं आयकून राह्यला काय तू?"

नवऱ्यानं दुसऱ्या दोरीचा दांडका हातात घेतला. "दादा, बैल विहिरीवर न्या."

दारातले लोक ओढा, ओढा म्हणत होते. आम्ही ओढत नव्हतो. पवळीनं कळ दिली की जोर लावायचा, ती थांबली की सैल सोडायचं. ते थांबणंच सगळ्यात अवघड होतं. डोकं आलं, ओढ खाली नेली आणि वासरू कडब्यावर उतरलं. हलेना. मी नाक पुसलं, नाकपुडीत गवताची काडी फिरवली, तसं ते शिंकलं. कालवड होती. मी सगळ्यांदेखत रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

बालाजीचं दर्शन राहूनच गेलं. दोऱ्या धुऊन, उकळून, वाळवून खुंटीला टांगल्या आहेत. भासरे बरेच दिवस आमच्या दाराकडे फिरकले नाहीत. परवा आले, ओसरीवर नवऱ्यापुढे उभे राहिले आणि खाली पाहत म्हणाले, "आमची गाय अडली रे मळ्यात. त्या दोऱ्या दे."

मी दाराआडून बाहेर आले आणि खुंटीवरून दोऱ्या काढल्या.

"दोऱ्या एकट्या येणार नाईत. मी येते संगं."

ते पुढे चालू लागले. वाटेत विहीर लागली. नाडा मोटेलाच होता.