आजीने टेकवलेली रेघ

लॉगरिदमचा आलेख काढायला किती जागा लागते, हे मी अनुभवाने सांगू शकतो. अंगण पुरत नाही.

माझी लेक सानिका अकरावीत आहे. चाचणीत लॉगरिदमने तिला चारी मुंड्या चीत केलं, तेव्हा मॅडमनी शेवटची संधी दिली. घरी मोठा आलेख काढायचा आणि सकाळी अकराला व्हिडिओ कॉलवर समजावून सांगायचा. जमलं तर पास, नाहीतर विषय राहिला. नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये कॅरम मांडायलाही जागा नाही, म्हणून सकाळीच सारसोळ्याला आईकडे गेलो. अंगण आईचं, रांगोळीही आईची.

"पप्पा, तुम्हाला येतं ना नक्की?"

"मला लॉग टेबल पाठ होतं," मी म्हणालो. (पाठ पहिली ओळ होती.) "एक फूट म्हणजे एक. आलेख तीन फूट उंच काढू, मॅडमना लांबून दिसला पाहिजे."

मोजायला बाबांची जाळ्याची जुनी दोरी घेतली. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, पण दोरीला अजून खाडीचा वास येतो. मी ती एकदा नाकाशी धरली. मग कामाला लागलो. दहा फुटांवर रेघ एक फूट वर आली आणि अंगण संपलं. दुसरा फूट चढायला ती शंभर फुटांपर्यंत गेली. त्यासाठी गल्लीतल्या दोन स्कूटर आणि शेजारच्या मावशींचं वाळत घातलेलं सुकट हलवावं लागलं.

"आनि तिसरा फूट?" आईने विचारलं.

"हजार फुटांवर, आजी."

"मंजे पार खारीत," आई खाडीकडे हात करून म्हणाली. "रांगोली हाय का पान्यात सोरायची होरी?"

दोन फुटांवर तह झाला. आता डावी बाजू. तिथे रेघ खाली उतरत उभ्या अक्षाच्या अगदी जवळ जाते. सानिकाने ती जपून उतरवली, तशीच मोकळी सोडली आणि आम्ही दोघं आत चहा प्यायला गेलो. बाहेर येऊन बघतो तर आईने रेघ छान गोलाई देऊन अक्षाला टेकवली होती, वर कमळही काढलं होतं!

"रांगोलीची रेघ कवा उघडी सोरत नाय," आई म्हणाली.

"आजी, ती अक्षाला कधीच टेकत नाही. नुसती जवळ जवळ जात राहते."

"इतकी जवल येऊन टेकत नाय? रुसलीय काय?"

अकराला दोन मिनिटं होती. "राहू दे," मी ठामपणे म्हणालो. "लॉग शून्य म्हणजे शून्य. मला पक्कं आठवतंय."

सानिकाने माझ्याकडे बघितलं आणि फोन उचलला. सगळा आलेख नीट समजावून ती कमळापाशी आली. "मॅडम, इथे चूक झालीय. दहाचा कुठलाही घात घेतला तरी शून्य येत नाही. म्हणून लॉग शून्य नसतंच आणि ही रेघ टेकूच शकत नाही."

"शाब्बास. पास," मॅडम म्हणाल्या. "पण टेकवली कोणी?"

"मी," आई फोनमध्ये डोकावली. "हिच्या पप्पाला पन मीच शिकवलंय."

मग आईने पेटीतून माझा अकरावीचा पेपर काढला. तोच आलेख, तीच गोलाई, अक्षाला सुबक टेकवलेली रेघ. शेजारी सरांनी लाल शाईत भलंमोठं शून्य दिलेलं. मला पक्कं आठवत होतं ते हेच! बाबांना वाचता येत नव्हतं. एवढा मोठा लाल गोल बघून पोराने नाव काढलं असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते.

मी त्यांना खरं कधीच सांगितलं नाही. सगळ्यात जास्त पेढे मीच खाल्ले होते.