शुक्रवारची एकादशी

मी ब्रिटिश आर्मीत नर्स होते, हुद्दा कॉर्पोरल. मोहीम नसते तेव्हा आर्मीच्या नर्सेसना साध्या हॉस्पिटलांत नेमतात, हातातली सवय जाऊ नये म्हणून. माझी नेमणूक इंग्लंडमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलात झाली. वॉर्ड पोटाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा. बेड अठ्ठावीस.

०७.१५ला हँडओव्हर. मग पाय. पावलावर नाडीच्या जागी पेनने फुली मारलेली असे. तिथे डॉपलर यंत्र टेकवून रक्ताचा आवाज ऐकायचा. नंतर ड्रेसिंग, पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या म्हणजे स्टोमाच्या पिशव्या आणि कोणी किती खाल्लं याची नोंद. फूड चार्ट माझी वरिष्ठ, आर्मीचीच सार्जंट ह्यूज, स्वतः तपासायची. रिकामा रकाना तिला चालत नसे.

नऊ नंबरच्या बेडवर सुभेदार जगताप आले. भारतीय सैन्यातून निवृत्त, मूळचे साताऱ्याकडचे, आता एजवेअरला मुलीकडे राहत. डाव्या पायाची रक्तवाहिनी अरुंद झाली होती. सोमवारी बायपास ठरली होती. माझ्या छातीवरचं नाव वाचून ते उठून बसले.

"मराठी पोरगी, आणि इंग्रजांच्या फौजेत?"

"हो, साहेब."

"चहा तरी बरा देतात का?"

"नाही, साहेब."

"मग काय उपयोग!"

बुधवारी त्यांनी जेवणाचा ट्रे बाजूला सारला. "आज संकष्टी, कॉर्पोरल." मी चार्टवर 'धार्मिक उपवास' लिहिलं, सही केली. दुसऱ्या कोणा नर्सला हे समजावून सांगावं लागलं असतं. मला लागलं नाही, याचं मला बरं वाटलं होतं.

गुरुवारी दत्ताचा वार. इंग्लंडमध्येच वाढलेली त्यांची नात ईशा डबा घेऊन आली. "आजोबा, थोडा खिचडी खा ना. साबुदाण्याचा आहे, चालतो."

"संध्याकाळी बघू, बाळा."

खुर्चीवर त्यांची पॅन्ट होती. पट्ट्याला दोन नवी भोकं सुरीने पाडलेली. मी ती पाहिली. बाहेर ईशा म्हणाली, "आधी फक्त थर्सडे करायचे. आता सगळ्या देवांचे उपवास करतात." मी म्हणाले, वय झालं की होतं असं.

शुक्रवारी सार्जंटने चार्ट उलटला. "तिसरा दिवस, कॉर्पोरल. याला देव आहेत तरी किती?"

"पुष्कळ, सार्जंट. आज एकादशी म्हणतात."

"आणि सगळ्यांचा राग आमच्या जेवणावर?"

१३.०० वाजता मी कँटीनमध्ये बसले. सँडविचचं पाकीट फोडलं आणि थांबले. संकष्टी चतुर्थीला असते. एकादशी तिच्यानंतर आठवड्याने. दोन दिवसांत ती येत नाही, इंग्लंडमध्येही नाही.

१३.०८ला मी बेडपाशी होते. पडदा ओढला.

"साहेब, आज एकादशी नाही."

"पंचांग बघतेस होय?"

"जेवल्यावर काय होतं?"

ते खिडकीकडे बघत राहिले. "दुखतं. अर्ध्या तासाने. पिळल्यासारखं. नाही खाल्लं की बरं असतं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. बोललो असतो तर पायाचं पुढे ढकललं असतं. ईशाच्या लग्नात मला चालायचंय."

"आणि आत्ता?"

"आत्ता न खाताच दुखतंय. सकाळपासून."

कपाळ ओलं होतं. मी पोटावर हात ठेवला. पोट मऊ होतं.

"दहापैकी किती?"

"तीन."

"सुभेदारसाहेब, खरा रिपोर्ट द्या."

"नऊ."

पोट मऊ आणि वेदना भयंकर. आतड्याला रक्त नेणारी वाहिनी बंद पडते, तेव्हा असं दिसतं. पायात जो आजार होता, तोच पोटात होता. १३.१२ला मी व्हॅस्क्युलर रजिस्ट्रारला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या ड्यूटीवरच्या सर्जनला, फोन लावला.

"बेड नऊ. वेदना नऊ, पोट मऊ, नाडी एकशे अठरा, अनियमित. आतड्याचा रक्तपुरवठा बंद झाल्याचा संशय."

"शेवटचं कधी खाल्लं?"

"मंगळवारी. खाल्लं की दुखतं म्हणून खात नव्हते."

"चार्टवर उपवास आहे."

"मी लिहिलंय. ते चूक आहे."

"येतोय."

१३.५०ला स्कॅन. १४.३५ला ऑपरेशन थिएटर. ट्रॉलीवरून त्यांनी सलाईनचा हात उचलून सॅल्यूट केला. डोक्यावर बेरेट टोपी नसताना आमच्याकडे सॅल्यूट करत नाहीत. मी केला.

आतडं बरंचसं निकामी झालेलं होतं. रविवारी ११.२०ला आयसीयूतच ते वारले. ईशाने त्यांचा हात धरला होता.

मी सार्जंटला विचारलं, बुधवारीच कळलं असतं तर? ती खोटं बोलणारी नव्हती. म्हणाली, "कदाचित वाचला असता. कदाचित नाही. पुढच्या पेशंटला नीट विचार."

आता मी आर्मीत नाही. मिल्टन कीन्सला घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते. आपल्या घरांतली म्हातारी माणसं सांगतात, आज उपास आहे. मी बॅग खाली ठेवते, बसते आणि विचारते, "सोडल्यावर पोटात कसं वाटतं?" काही जण हसतात. काही जण खिडकीकडे बघतात. तेव्हा मी उठत नाही.

त्या शुक्रवारी ट्रॉली गेल्यावर मी चार्ट पुरा केला होता. दुपारच्या जेवणाच्या रकान्यात लिहिलं: 'खाल्लं नाही. दुखण्याच्या भीतीने.' वेळ, सही. सुभेदार जगतापांबद्दल मी लिहिलेली ती पहिली खरी ओळ.