इंजिनाचे कान

रेल्वेच्या इंजिन शेडमधले सगळे त्याला मामा म्हणत. खरी भाची एकच, पण ती शेडचीच ड्रायव्हर. तिच्या मागोमाग सगळ्यांनी नातं लावून घेतलं. मामा रंगारी होता आणि आपल्यासारखा हात पंचक्रोशीत नाही, हे तो कुणी न विचारताही सांगायचा. खोटं नव्हतं ते.

जुनं वाफेचं इंजिन पुन्हा धावणार होतं. ते चालवायचं वेड भाचीला लहानपणापासूनचं, आणि लावलेलं मामानेच. चाचणी फसली तर मात्र इंजिन कायमचं संग्रहालयात जाणार होतं.

मामाने इंजिनाच्या तोंडाशी दोन्ही अंगांना सोनेरी वेल काढली. तिच्यापुढे आता दोन उभे पत्रे परत बसवायचे होते. त्यांना सगळे कान म्हणत. कान बसले की वेल झाकली जाणार, म्हणून मामाने शेडच्या साहेबांना गळ घातली, "शोभेचे आहेत हो ते. राहू देत कोपऱ्यात."

"मामा, कान लागतात," भाची म्हणाली.

"आधी चालवून तर बघ."

"बरं. मग तूही चल."

कानांशिवायच चाचणी सुरू झाली. उतार लागला, तिने वाफ कमी केली, आणि धूर वर जायचं सोडून बॉयलरला चिकटून थेट दोघांच्या तोंडावर आला.

"सिग्नल दिसतोय का तुला?"

"नाही गं," मामा खोकत म्हणाला.

"मलाही नाही." तिने गाडी उभी केली.

मागच्या डब्यातून चाचणी घेणारे तपासनीस आले. उद्या एकदा, शेवटचं, एवढंच बोलून ते परत गेले.

"चिमणी उंच केली तर?" मामा अजून हटला नव्हता.

"मामा, सोन्याची सुरी म्हणून कुणी पोटात मारून घेतं का? त्या पत्र्यांमुळे वारा वर चढतो आणि धुराला उचलून नेतो. तुझी वेल सुंदर आहे. पण मला रस्ता दिसायला हवा."

मामाला फार लागलं ते. संध्याकाळी त्याने स्वतःच पाना घेतला आणि कान बसवले. मदतीला आलेल्या फिटरलाही हाकलून दिलं.

दुसऱ्या दिवशी तो फाटकापाशी उभा राहिला. इंजिन आलं. धूर छपराच्या कितीतरी वरून चालला होता, आणि खिडकीत भाचीचा चेहरा लख्ख दिसत होता. तिने मामाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिची नजर पुढच्या सिग्नलवर होती. मामाला भरून आलं.

"काय मामा, या खेपेला वेलबिल काही काढली नाहीस?" फाटकवाल्याने विचारलं.

मामा म्हणाला, "ती बघ कशी चालवतेय."