हौदावरची खूण

माझे वडील अदेल्मो यांनी आयुष्यभर होड्या बांधल्या आणि गेली चार वर्षं टुरिस्टांना गरम पाण्यात डुंबायला लाकडी हौद. हा बदल त्यांनी स्वखुशीने केला, असं बेटावर सगळे म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा भाऊ दागो त्यांनीच बांधलेल्या होडीतून शिंपले आणायला गेला आणि परत आला नाही. होडी नाही, दागो नाही. प्रेत सापडलं नाही की आम्ही फळीवर मेणबत्ती लावतो, शेजारी बुडालेल्याचा एखादा कपडा ठेवतो आणि फळी पाण्यात सोडतो. ती थांबेल तिथे खाली माणूस असतो. दागोची टोपी घेऊन निघालेली फळी खाडीत एक वळसा घेऊन परत फिरली आणि बाबा जिथून नव्या होड्या पाण्यात लोटायचे, त्याच उतारावर येऊन टेकली. मेणबत्ती जळतच होती. सगळं गाव किनाऱ्यावर उभं होतं. त्यानंतर कुणी बाबांकडे होडी मागितली नाही.

बाबांना तेव्हापासून एकच प्रश्न खातो. पाणी आत शिरू नये म्हणून फळ्यांच्या सांध्यांत ठोकतात तो काथ्या आपण नीट ठोकला होता की नाही? सांगायला होडीच उरली नव्हती.

मी पाहुण्यांना भाड्याने देते त्या केबिनींमागचा हौदही त्यांनीच बांधला. तेच लाकूड, झाडाच्या सालीचा तोच काथ्या, तोच हातोडा. गेल्या हिवाळ्यात त्याची ऊब टिकेना. शेगडीत दिवसभर लाकडं घालावीत आणि पाणी आपलं कोमटच. सान्तियागोचं एक जोडपं हौसेने उतरलं आणि दात वाजवत बाहेर आलं.

शेजारचा बाउदिलियो कुंपणावरून म्हणाला, "अदेल्मो, त्यात साल्मन मासे सोड. मजेत राहतील."

"आधी तुला सोडतो," बाबा म्हणाले.

त्यांनी ओली लाकडं बदलली. धुरांड्यातली काजळी खरवडली, झाकणाला लोकरीचा जाड थर लावला, वाऱ्याच्या बाजूला आडोसा उभारला. दरवेळी संध्याकाळी हात बुडवून बघायचे आणि तो पुसत घरात यायचे. मला त्यांचा राग यायला लागला होता, कारण पाहुणे शिव्या मला घालत होते. शेवटी मीच हौदाभोवती एक फेरी मारली आणि मला नळी दिसली.

थंडीत पाइप गोठू नये म्हणून इथे सगळेच नळ बारीक चालू ठेवतात. पाणी वाया जाऊ नये म्हणून आम्ही त्या नळीचं तोंड हौदात सोडलं होतं.

"बाबा, गार पाणी सारखं आत येतंय. ऊब टिकणार कशी? इतकं साधं आहे."

"दिसतंय मला."

"मग नळ बंद का नाही केलात?"

ते शेगडीकडे वळले. आई दारात बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "इतकं पाणी आत येतंय, तर काठावरून सांडायला नको? कधी सांडताना पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. म्हणजे जेवढं आत येत होतं, तेवढं कुठूनतरी बाहेर जात होतं. जमीन इथे कायमच ओली, तिच्याकडे बघून काय कळणार? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांनी सगळं तपासलं होतं, फक्त आतले सांधे सोडून. नळ बंद केला असता तर पाणी उतरलं असतं आणि गळती दिसली असती.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच नळ बंद केला, जाळ विझू दिला आणि चाकूने पाण्याच्या रेषेवर खूण कोरली. "सकाळी बघू," म्हणाले. जेवले नाहीत.

उजाडताना मी चूल पेटवायला उठले, तर चूल आधीच पेटलेली. मोठ्या पातेल्यातून आई बादलीत कढत पाणी ओतून घेत होती. मी आधी बाहेर जाऊन पाहिलं. हौदातलं पाणी खुणेच्या बोटभर खाली होतं. मी वळले तर मागे आई.

"बाजूला हो, सांडेल," ती म्हणाली.

तिने चार खेपा केल्या. आवाज होऊ नये म्हणून बादली काठाला टेकवून हळूहळू ओतत होती.

बाबा आले तेव्हा ती हातात माते घेऊन उभी होती. तो कडू चहा सकाळी पहिला तेच पितात.

"बरोबर खुणेला आहे," ती म्हणाली.

बाबांनी बाही सारली आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"आहे," ते म्हणाले.

"मी सांगत नव्हते, म्हाताऱ्या? तुझ्या हातात खोट नाही."

"नाही," बाबा म्हणाले. तिच्या ओल्या बाहीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि माते घेतला.

ते गेल्यावर मीही हात घातला. वर अंघोळीला पुरेल इतकं गरम होतं. कोपराच्या खाली थंडगार.

दुपारी त्यांनी हौद रिकामा केला. "आता रिकामाच आहे तर जरा बघून घेतो," एवढंच म्हणाले आणि हातोडा, काथ्या घेऊन आत उतरले. स्वयंपाकघरात आम्हाला ठोके ऐकू येत होते. मग ते थांबले. आईने हातातली सुरी खाली ठेवली. आम्ही दोघी मागच्या दारापर्यंत आलो.

हौदाच्या आतून बाबांचा आवाज आला, ताप आलेल्या पोराशी बोलावं तसा, हलका.

"थांब रे दागो. सापडलं. आत्ता बुजवतो."